मामा, भाचा आणि द्रांग-द्रुंग

महाराष्ट्रात हिमनदी नाही. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई. ते १,६४६ मीटरवर संपतं आणि तिथं पडतो तो पाऊस. तरीही नववीच्या भूगोलात हिमनदीचं कार्य आहे. त्यामुळे घामाघूम झालेली मुलं पंख्याखाली बसून हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, मेषशिला आणि लोंबती दरी हे शब्द दरवर्षी पाठ करतात, परीक्षेत ओततात आणि मोकळी होतात. शिकवणारेही मोकळे होतात. निळा खडू हाती आला की हिमनदी, पांढरा आला की ढग, एवढ्या भांडवलावर कित्येक गुरुजनांची सबंध नोकरी पार पडलेली आहे.

सांगलीच्या एका माध्यमिक शाळेतल्या भूगोलाच्या सरांचीही पडली असती. पण निवृत्ती दृष्टिपथात आलेली असताना सहामाहीला एका मुलानं हिमनदीची आकृती काढली आणि ती चक्क काळ्या पेन्सिलीनं रंगवली. सरांनी अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत हजर. फौजेतून नुकतेच सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, पीळदार मिशा, आवाज परेडचा. सांगली-साताऱ्याकडे असे वडील पुष्कळ. ते भांडायला आले नव्हते. हात जोडून एवढंच म्हणाले, "सर, पोरानं मला विचारून रंगवली. मी कारगिलच्या बाजूला ड्यूटीला होतो. ती काळीच असतीय."

सरांकडे पुस्तक होतं, सुभेदारांकडे दोन डोळे होते. अर्धा गुण जिथल्या तिथं राहिला, पण सरांची झोप उडाली.

इथून पुढे सरांना मामा म्हणणं सोयीचं, कारण या चौकशीच्या कामी त्यांना लाभला तो त्यांचा सख्खा भाचा. भाचा पुण्याला हिंजवडीत बसून कुठल्यातरी अमेरिकन विमा कंपनीच्या संगणकप्रणालीतल्या चुका दुरुस्त करतो. त्याच्याकडे रॉयल एन्फील्डची हिमालयन आहे, ४११ सीसीची. नावात हिमालय असलेली ही गाडी तोवर ताम्हिणी घाटापलीकडे गेली नव्हती. अंगावर मात्र जादा दिवे, दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, मोबाइल अडकवायचा चिमटा आणि पेट्रोलचा पाच लिटरचा लाल डबा असा सगळा जामानिमा होता. भाच्याला खारदुंग ला या खिंडीतल्या पिवळ्या पाटीशेजारी फोटो काढून घ्यायचा होता. मामांना हिमनदीचा रंग पाहायचा होता. दोघांनाही वाटलं की आपण दुसऱ्याला गुंडाळलं.

मामांना मे महिन्याची सुट्टी होती, भाच्याची वर्षभराची रजा साठलेली होती. पण शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि तिकडच्या खिंडी मे-जूनमध्ये मोकळ्या होतात. म्हणजे बर्फ हटणं आणि शाळेची घंटा होणं यांच्या मधल्या फटीत हा प्रवास बसवायचा होता.

हिमनदी कोणती पाहायची याचा मामांनी रीतसर तक्ता केला. सियाचीन ७६ किलोमीटर लांब, पण तिथं लष्कराचा कारभार आणि मामांना रक्तदाब. गंगोत्री सुमारे ३० किलोमीटरची, पण तिचं तोंड पाहायला गंगोत्रीच्या देवळापासून गोमुखापर्यंत अठराएक किलोमीटर चालावं लागतं आणि मामांना गुडघे. उरली द्रांग-द्रुंग. लांबी सुमारे २३ किलोमीटर. कारगिलहून झंस्कारमधल्या पदुमला जाणाऱ्या रस्त्यावर पेन्सी ला ही ४,४०० मीटर उंचीची खिंड लागते. तिथं रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की हिमनदी समोर पसरलेली दिसते. पायपीट नाही की चढण नाही. "ही सांगलीकरांसाठीच ठेवलेली दिसते," मामा म्हणाले.

अडचण आली ती घरातूनच. मामा-भाच्यानं एका नावेत बसू नये, हे कृष्णाकाठी वाढलेल्या आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मोटरसायकल म्हणजे नाव नव्हे, असा युक्तिवाद मामांनी केला. त्यावर आजीनं विचारलं, "वाटेत पाणी आहे का?" मामा भूगोलाचे, खोटं बोलणं जमेना. वितळणाऱ्या बर्फाचे ओढे जूनमध्ये रस्त्यावरूनच वाहतात, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून सविस्तर सांगितलं. आजीनं शपथ घातली: गाडीवर दोघं बसा, पण पाण्यातून जाताना एकानं उतरायचं.

पुण्याहून जम्मूला थेट नेणारी गाडी म्हणजे झेलम एक्सप्रेस. फौजींच्या पिढ्यान् पिढ्यांनी तिच्यातून लोखंडी ट्रंका नेल्या आहेत. अलीकडे तिच्या पार्सलच्या डब्यातून मोटरसायकलीही जातात. त्यासाठी टाकीतलं पेट्रोल थेंब न् थेंब काढावं लागतं, गाडीला गोणपाट नि जुनी चादर गुंडाळावी लागते आणि वर नाव-पत्ता लिहावा लागतो. पत्ता मामांनी वळणदार अक्षरात लिहिला, खाली दुहेरी रेघ मारली. त्यानंतर अहमदनगर, मनमाड, भुसावळ अशा प्रत्येक मोठ्या स्टेशनात ते खाली उतरून पार्सलच्या डब्यापर्यंत धावत गेले. डबा बाहेरून बंद असल्यामुळे दिसत काहीच नव्हतं, पण जाऊन आलं की त्यांना बरं वाटे. भाच्यानं झाशीपर्यंत समजूत घातली. पुढं त्यानं नाद सोडला.

पठाणकोट मागे पडलं, कठुआ आलं आणि मामांचा फोन मुका झाला. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. भाच्याला हे माहीत होतं. मामांनाही माहीत असावं, असा मामींचा आजही संशय आहे.

जम्मू ते श्रीनगर या टप्प्याबद्दल फार लिहिण्यासारखं राहिलेलं नाही, कारण त्यातला बराचसा आता डोंगराच्या पोटातून जातो. चेनानी-नाशरी बोगदा नऊ किलोमीटरहून लांब, बनिहाल-काझीगुंड साडेआठ किलोमीटरचा. बोगद्यात देखावा नसतो. मामांनी तेवढ्या वेळात मागच्या सीटवर हेल्मेटसकट डुलकी काढण्याचं तंत्र आत्मसात केलं. जाग आल्यावर त्यांनी भाच्याच्या खांद्यावर थापांची भाषा ठरवून दिली. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे काही नाही, मी फक्त बैठक बदलतोय.

खरा प्रवास सोनमर्गनंतर सुरू होतो. झोजी ला ३,५२८ मीटरवर आहे, म्हणजे या भागातल्या मानानं बुटकीच. पण तिच्या कड्यावरून जाणारा चिखलाचा रस्ता पाहिल्यावर मोठमोठे दाढीवाले स्वारही कुलदैवत आठवतात. याच खिंडीत नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्यानं स्टुअर्ट जातीचे रणगाडे चढवले होते. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्याच्या स्वप्नातही नव्हतं. मामांनी ही हकिकत मागून ओरडून सांगायला सुरुवात केली तेव्हा समोरून फौजी ट्रकांची रांग येत होती, उजवीकडे दरी होती आणि भाचा तोंडानं "हो मामा, हो मामा" म्हणत होता. त्यातला एकही होकार रणगाड्यांसाठी नव्हता. डोंगराखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की झोजीची ही दहशत संपेल आणि लडाखला निघालेल्यांची बढाई मारायची एक मोठी सोयही जाईल.

कारगिलला दोघांनी मुद्दाम मुक्काम वाढवला. गाव २,६७६ मीटरवर; शरीराला विरळ हवेची ओळख करून द्यायला बरं. पेन्सी ला इथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. मामांनी खिशात कापराची पुरचुंडी ठेवली होती. तिचा विरळ हवेवर काडीचाही परिणाम होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती आजीनं दिली होती आणि वासही बरा होता. भाच्याकडे मनगटावर बांधायचं ऑक्सिजन मोजणारं घड्याळ होतं. दर अर्ध्या तासानं तो आकडा बघे आणि आकडा बघितल्यामुळे घाबरे.

कारगिलहून रस्ता सुरू नदीच्या काठानं दक्षिणेला निघतो. सांकू, पानिखर अशी गावं, बार्लीची कोवळी शेतं, पॉपलरच्या रांगा, मशिदींचे चकचकीत घुमट. मग वळण घेतल्यावर नुन आणि कुन ही दोन शिखरं समोर येतात: ७,१३५ आणि ७,०७७ मीटर. नुनवर पहिल्यांदा माणूस पोचला तो १९५३ मध्ये, आणि त्या पहिल्या दोघांत क्लोद कोगाँ ही फ्रेंच बाई होती. मामांनी हे सांगितल्यावर भाचा म्हणाला, "मामा, मी रस्ता बघू की शिखर?" मामा म्हणाले, "रस्ता सगळीकडे असतो रे."

इथं मामांचा ताबा सुटला. आयुष्यभर फळ्यावर काढलेल्या आकृत्या दोन्ही बाजूंनी एकामागून एक येऊ लागल्या. त्यांच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, हात आपोआप भाच्याच्या खांद्यावर पडे. "गिरिशृंग!" दोन थापा. "यू आकाराची दरी!" दोन थापा. पुढे एका उतारावर मामा जिवाच्या आकांतानं ओरडले, "लोंबती! लोंबती!" भाच्यानं करकचून ब्रेक दाबला, उतरला, पेट्या पाहिल्या, दोऱ्या पाहिल्या, मामांचा बूट पाहिला. काहीच लोंबत नव्हतं. मामा समोरच्या कड्याकडे बोट दाखवत होते. तिथं एक उपदरी मुख्य दरीच्या कितीतरी वर अर्धवट तुटल्यागत संपत होती आणि तिच्या टोकावरून पाणी खाली कोसळत होतं. मोठ्या हिमनदीनं आपली दरी खोल खरवडली, छोटीला तेवढी ताकद नव्हती. बर्फ गेल्यावर छोटीची दरी वरच अडकून राहिली. भाच्याला हे पटलं, पण त्याचे हात थरथरत होते ते वेगळ्या कारणानं.

पारकाचिकला पहिली हिमनदी भेटली. नुन-कुनच्या अंगावरून उतरून ती जवळजवळ नदीपर्यंत येते. डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी तिच्या माघारीचा हिशेब मांडला आहे: १९७१ ते १९९९ या काळात ती वर्षाला सरासरी दोनेक मीटर मागे हटत होती, १९९९ ते २०२१ मध्ये बाराएक मीटर. मामांनी दुर्बीण लावली, वही काढली, 'खालचा भाग मळकट' असं लिहिलं आणि पुढं कंसात 'एकीवरून निष्कर्ष काढू नये' अशी नोंद केली. सुभेदारांना इतक्या स्वस्तात जिंकू देण्याची त्यांची तयारी नव्हती.

पारकाचिकनंतर डांबर आणि खडी यांची पाळी-पाळीनं भेट होत राहते, कारण रस्ता रुंद करण्याचं काम चालू असतं. आणि इथंच आजीचा ओढा आला.

हिमाच्या पाण्याला वेळापत्रक असतं. रात्री गोठण, सकाळी ओहोटी. ऊन चढेल तसं वितळण वाढतं आणि दुपार उलटल्यावर ओढा भरात येतो. मामांनी हे नववीला वर्षानुवर्षं शिकवलं असलं तरी पारकाचिकला नोंदी घेण्यात त्यांचे दोन तास गेले होते. परिणामी ओढ्यापाशी पोचेतो दुपारचे तीन वाजले होते. पाणी रस्त्यावरून गुडघाभर वाहत होतं, तळाशी गोटे गडगडत होते. भाचा म्हणाला, "मामा, बसा तसेच. दोन मिनिटांचं काम आहे." मामा उतरले. शपथ ती शपथ. त्यांनी बूट काढून गळ्यात अडकवले, पँट दुमडली आणि पाण्यात पाय घातला. पुढचे उद्गार सांगलीच्या शिक्षकाला शोभणारे नसल्यामुळे इथं देत नाही. पाऊल टाकलं तितक्याच वेगानं ते परत काठावर आले.

पलीकडे रस्त्याच्या कामाचा जेसीबी उभा होता. त्याचा झारखंडहून आलेला पोरगेला चालक हा प्रकार निवांत पाहत होता. त्यानं यंत्र पाण्यात घातलं, अलीकडे आणलं आणि दार उघडून म्हणाला, "आइए चाचा." अशा रीतीनं मामा पिवळ्या जेसीबीत उंच आसनावर बसून, गळ्यात बूट घालून, ओढा पार करते झाले. शेजारून भाचा गाडी पहिल्या गिअरमध्ये रेटत, दोन्ही पाय पाण्यात फरफटत, मधे एकदा बंद पडत, कमरेपर्यंत भिजून पोचला. चालकानं दोघांना आपल्या तंबूतला काळा चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. मामांनी त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं आणि मग छोटा नागपूरच्या पठाराबद्दल त्याला ठाऊक नसलेल्या चार गोष्टी सांगितल्या. तो ऐकत राहिला. सभ्य माणूस होता.

मुक्काम रांगदुमला. इथं दरी एकाएकी सैल होते. नदीच्या अनेक धारा सपाट गाळावर पसरतात आणि एका टेकाडावर अठराव्या शतकातली गोम्पा बसलेली असते. उंची चार हजार मीटरच्या आसपास. आणि इथं, जिमला जाणारा, प्रोटीनची पावडर पिणारा, तिशीही न गाठलेला भाचा डोकं धरून आडवा झाला. सांध्यांना तेल चोळणारे मामा मात्र दोनदा भात मागून घेऊन जेवले. यात मामांचं कर्तृत्व काही नाही. विरळ हवेचा त्रास दंड बघून होत नाही. धडधाकट तरुणाला होतो आणि शेजारच्या वयस्काला होत नाही, हे डॉक्टर कधीपासून सांगत आले आहेत. पहिला उपाय, वर न चढता थांबणं. दोघं थांबले. घरमालकीण लाकडी चुलीवर प्रेशर कुकर चढवत होती, कारण या उंचीवर पाणी ८६-८७ अंशांनाच उकळतं आणि उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. मामांनी भाच्याला पाणी पाजलं, पांघरूण घातलं आणि वेळ जावा म्हणून उत्कलनबिंदू समजावून सांगितला. भाच्याला लगेच झोप लागली.

डोकं उतरल्यावर, पुढच्या पहाटे, पाणी कमी असताना निघायचं ठरलं. पण भाच्याच्या अंगात जोर नव्हता. "तुम्ही चालवता का?" त्यानं नाइलाजानं विचारलं. मामांनी तरुणपणी राजदूत चालवलेली. नंतर बजाजची स्कूटर. त्यांनी चष्मा पुसला, मफलर बांधला, गाडीला नमस्कार केला. रांगदुम ते पेन्सी ला हे पंचवीस-तीस किलोमीटर त्यांनी ताशी वीसच्या वेगानं कापले. समोर माणूस नाही, मागे माणूस नाही, तरी प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून इशारा. रस्त्याकडेच्या बिळांबाहेर बसलेले लठ्ठ मार्मोट ही मिरवणूक मान वळवून पाहत होते. ओढे आले. पहाटेचं पाणी घोट्याइतकं होतं, पण शपथेत खोलीचा उल्लेख नव्हता. प्रत्येक वेळी भाचा उतरला आणि दगडांवरून उड्या मारत पलीकडे गेला. आता उतरायची पाळी त्याची होती.

खिंडीतली दोन निळी तळी मागे टाकून रस्ता किंचित वळतो आणि पलीकडच्या बाजूला द्रांग-द्रुंग दिसते.

फोटोत ती पांढरीशुभ्र असते. फोटो काढणारे उजेड वाढवून घेतात. प्रत्यक्षात ती लग्न लागून पंगती उठल्यावर अंगणात पडून राहिलेल्या सतरंजीसारखी दिसते: लांबलचक, सुरकुतलेली, करडी आणि मधून उभे काळे पट्टे असलेली. वर, शिखरांच्या कुशीत, स्वच्छ बर्फ. खाली येता येता ती मोठं वळण घेते आणि राखाडी होत जाते. कडांना दगडधोंड्यांचे बांध. तोंडाशी गढूळ पाण्याचं तळं, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. भाचा म्हणाला, "मामा, घाण आहे की हो." मामांच्या चेहऱ्यावर मात्र बोर्डाच्या परीक्षेत शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्याचा आनंद होता.

तेवढ्यात मागून आठ-दहा मोटरसायकली गुरगुरत आल्या. पाट्या एमएच-०९. कोल्हापूर. इतक्या दूर आल्यावर शेजारच्या जिल्ह्यातला माणूसही रक्ताचा वाटतो. "कुठनं?" "सांगली." "मग घरचीच की!" मिठ्या झाल्या. मग त्यांच्यातला एक हिमनदीकडे बघून हिरमुसला. "आयला, ह्यो बर्फ काळा का म्हणं?"

मामा याच प्रश्नाची वाट बघत होते, बहुधा नोकरीला लागल्यापासून. त्यांनी एक दगड व्यासपीठ म्हणून निवडला.

बर्फ वर्षानुवर्षं साठतो, स्वतःच्याच भारानं दाबला जाऊन घट्ट होतो आणि उतारावरून हळूहळू सरकू लागतो. काठाशी घर्षण जास्त, म्हणून मधला भाग पुढे धावतो, कडेचा रेंगाळतो. दोन्ही कड्यांवरून दगडमाती तिच्या कडांवर पडत राहते, तो पार्श्व हिमोढ. दोन हिमनद्या एकत्र आल्या की आतल्या बाजूचे दोन हिमोढ एकमेकांना चिकटतात आणि नव्या हिमनदीच्या मधून काळा पट्टा निघतो, तो मध्य हिमोढ. म्हणजे पट्टे मोजले की वर किती हिमनद्या मिळाल्या आहेत याचा अंदाज येतो. खाली बर्फ वितळतो, धूळ आणि दगड वितळत नाहीत. ते पृष्ठभागावर उरतात, म्हणून खालचं अंग मळकं. त्यातही गंमत अशी की पातळ धूळ ऊन शोषून बर्फ जास्त वितळवते आणि दगडांचा जाड थर उलट बर्फाला पांघरूण होऊन वाचवतो. इतकं सांगून मामांनी तोंडाजवळच्या तळ्याकडे बोट दाखवलं. उपग्रहचित्रांवरून संशोधकांनी मोजलंय, १९७१ नंतरच्या पंचेचाळीसेक वर्षांत हिचं तोंड ९०० मीटरहून जास्त मागे गेलं. तळं आहे तिथं आधी बर्फ होता.

वर्ग शांत होता. मागच्या बाकावरच्या, म्हणजे शेवटच्या गाडीवर बसलेल्या एकानं हात वर केला. "सर, हे पेपरला येतंय का?"

"दरवर्षी," मामा म्हणाले.

"मग आमच्या सरांनी असं का नाही सांगितलं?" या प्रश्नाला मामांनी बगल दिली. शिक्षक शिक्षकाच्या विरुद्ध बोलत नाही.

सुभेदारांच्या दाव्याचा निकालही तिथंच लागला. मामांनी दुर्बिणीतून वरपासून खालपर्यंत पाहिलं, वहीत तीन रंगांचे रकाने पाडले आणि विचारांती जाहीर केलं की हिमनदी वर पांढरी, मधे करडी आणि कडांना काळी आहे. पोरानं सगळीच काळी रंगवली होती. "म्हणजे पाव गुण द्यायला हवा होता." भाच्यानं विचारलं, पाव गुण देता येतो का? "येत नाही," मामा म्हणाले, "तीच अडचण आहे."

कोल्हापूरकरांची एक अडचण मात्र सुटण्यासारखी होती. त्यांच्यातल्या एकाची टाकी तळाला गेली होती. कारगिल ते पेन्सी ला आणि परत मिळून तीनशेच्या वर किलोमीटर होतात. हिमालयनच्या पंधरा लिटरच्या टाकीत ते निवांत बसतात, हे मामांनी निघण्यापूर्वीच गणितानं सिद्ध केलं होतं आणि भाच्यानं न ऐकता लाल डबा घेतला होता. तो डबा आता कामी आला. भाच्याच्या चेहऱ्यावर प्रथमच विजय दिसला. बदल्यात कोल्हापूरकरांनी भडंगाचं पाकीट दिलं. बाहेरचा दाब कमी असल्यामुळे ते टम्म फुगलं होतं आणि हात लावताच फट् करून फुटलं. भडंग कोल्हापूरचं की सांगलीचं, यावर मग ४,४०० मीटरवर जो वाद पेटला त्यात हिमनदीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. विरळ हवेत भांडताना धाप लागते. त्यामुळे वाद लवकर मिटला, पण तो निकालात निघाला असं सांगलीत कुणी मानत नाही.

परतीला कारगिलमध्ये हिशेब झाला. भाचा म्हणाला, "मामा, तुमची हिमनदी झाली. आता माझी खारदुंग ला."

मामा म्हणाले, सुट्टी संपत आली आणि त्या पाटीचं नाव काढू नकोस. वर्षानुवर्षं तिथं १८,३८० फूट असं लिहून जगातला सर्वांत उंच रस्ता म्हणून मिरवलं. उपग्रहाच्या मदतीनं मोजल्यावर खिंड निघाली ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. शिवाय आता उमलिंग ला इथला रस्ता पाच हजार सातशे मीटरच्याही वर गेला आहे. "चुकीच्या आकड्यापुढे उभं राहून फोटो काढायचा?"

भाचा हिंजवडीत उगाच नोकरी करत नव्हता. त्यानं खारदुंगचं नावही काढलं नाही. नकाशा पुढ्यात ठेवून विचारलं, "मामा, द्रांग-द्रुंगचं पाणी जातं कुठं हो?"

बाण बरोबर लागला. पेन्सी ला म्हणजे पाणलोटाची रेघ. अलीकडचं पाणी सुरू नदीत, पलीकडे द्रांग-द्रुंगचं पाणी दोडा नदीत. दोडा पदुमजवळ त्साराप नदीला मिळते आणि झंस्कार होते. झंस्कार डोंगर चिरत उत्तरेला जाऊन निमू इथं सिंधूला मिळते. सुरूसुद्धा नियंत्रणरेषेपलीकडे जाऊन सिंधूलाच मिळते. खिंडीवर फारकत झालेलं पाणी शेवटी एकाच नदीतून कराचीच्या बाजूला समुद्राला जातं. मामा बोलता बोलता उभे राहिले. "निमू बघायला पाहिजे."

"बघू की," भाचा साळसूदपणे म्हणाला. निमूहून लेह पस्तीसेक किलोमीटर, आणि लेहहून खारदुंग ला चाळीसेक. हे त्यानं सांगितलं नाही.

नामिका ला, फोतू ला, लामायुरू करत दोघं निमूच्या संगमावर आले. खाली झंस्कार राडारोडा घेऊन फेसाळत येत होती आणि सिंधू त्यामानानं निवळ होती. बरंच अंतर दोन्ही रंग एकमेकांना न बोलता शेजारून वाहत होते. मामांनी गढूळ पाण्याकडे बोट दाखवून आजूबाजूच्या पर्यटकांना सांगितलं, "ते आमचं." एका गुजराती कुटुंबानं त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला.

मग मामांनी वही मिटली, घड्याळ पाहिलं आणि लेहकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. भाचा हेल्मेटची काच पुसत होता, अगदी मन लावून.

"त्या पाटीवर अजून तोच आकडा आहे का रे?"

"काय माहीत मामा. बदललाय असं कुणीतरी म्हणत होतं. बरोबर केलाय की नाही, कुणास ठाऊक."

"आठशे फुटांची चूक," मामा म्हणाले आणि मागच्या सीटवर पाय टाकून बसले. "चल. तपासून यायला हवी."